पाच बोटं कमी

गाडी कुठलीही न्या, निळूकाका आधी तिच्याकडे बघायचेच नाहीत. आणणाऱ्याला म्हणायचे, "बस वर." मग दाना ओली नावाच्या गल्लीतल्या त्यांच्या लेथच्या दुकानासमोर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मधोमध, मागच्या चाकावर खडूची एक रेघ आणि तिच्या बरोबर खाली जमिनीवर दुसरी. गाडी हळूहळू पुढे ढकलायची. चाकावरची रेघ फिरून परत जमिनीला टेकली की तिथे तिसरी रेघ. जमिनीवरच्या दोन रेघांमधलं अंतर टेपने मोजायचं आणि मान डोलवायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा इंदरगंजातल्या माझ्या दवाखान्यातून थेट गेले होते, अंगात दातांच्या डॉक्टरचा पांढरा कोट. त्या कोटातच मला स्पोर्ट क्वाडवर बसवून सत्तरीचा एक म्हातारा ढकलतोय, आणि समोरचे मसालेवाले दुकानाबाहेर येऊन बघताहेत. कप्पाळ माझं! महिनाभर पेशंट विचारत होते, "मॅडम, वो आप ही थीं ना?"

स्पोर्ट क्वाड म्हणजे चार जाड्या चाकांची, हँडलची उघडी गाडी. ती रस्त्यावर चालवत नाहीत, माळावर पळवतात. मला तिचं वेड कसं लागलं ते सांगत बसत नाही, आईने सांगून सांगून गावाला पाठ झालंय. मला एवढंच हवं होतं की ही जास्तीत जास्त किती पळेल ते कोणीतरी नीट सांगावं. मी गाडीचं पुस्तक पुढे केलं. पुस्तकात चाक वीस इंचांचं, इंजिनाचे फेरे इतके, साखळीच्या पुढच्या चक्राला दात चौदा, मागच्याला अडतीस. गुणाकार, भागाकार केला की वेग हातात.

"हे चाक कागदावरचं आहे, बेटा," काका म्हणाले. "कागदावर कोणी बसत नाही. तू बसलीस की चाक दबतं, म्हणजे लहान होतं. तू बसून मोजलं तर दोन बोटं कमी भरलं. वरून वारा छाती धरतो. तो कुठे लिहिला आहे पुस्तकात?"

"मग खरा आकडा किती?"

"आकडा गाडी सांगेल. मी नाही सांगणार."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. इतर कशावरही ते तासभर बोलायचे. साखळीच्या कड्या शहाण्णव, म्हणून पुढच्या चक्राला दात तेरा हवेत, असा त्यांचा हट्ट. तेराने वेग थोडा घटतो, पण दर फेरीला दाताला वेगळी कडी भेटते. "रोज तीच कडी त्याच दाताला भेटली तर दोघं एकमेकांना खातात. नवरा-बायकोचं बघ ना!" असं म्हणून स्वतःच खदखदा हसायचे. काकू आत असल्या तर आवाज खाली. पण वेगाचा आकडा विचारला की हसू गेलंच. टेप गुंडाळायची, खडू खिशात टाकायचा आणि पाठ फिरवायची. मला वाटायचं, म्हातारा भाव खातोय.

काकांचं घराणं फौजेतलं. पणजोबांच्या आधीचं कोणीतरी दख्खनेतून घोड्यावर आलं, एवढंच त्यांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. स्वतः गिरणीच्या वर्कशॉपात लेथवर तीस वर्षं उभे होते. गिरणी बंद पडल्यावर दुकान टाकलं. गावात कुणालाही स्कूटरपासून क्वाडपर्यंत चक्र कापून हवं असेल तर निळूकाकांकडे जायचं. कापलेल्या प्रत्येक चक्रावर ते बारीक तीन ठिपके ठोकत. मराठी आमच्या सगळ्यांसारखी, निम्मी हिंदीत बुडवलेली.

जुनी क्वाड थकली तेव्हा मी आग्र्याच्या एका दलालाकडून दुसरी घेतली, वापरलेली, नवा काळा रंग मारलेली. टेम्पोतून उतरवून थेट दाना ओलीत नेली. एप्रिलची दुपार होती, बारा वाजून गेलेले, गल्ली उन्हाने पांढरी पडलेली. मसालेवाल्यांनी पडदे सोडले होते. काका म्हणाले, "बस." बसले. ढकललं, रेघ मारली, मोजलं. काकांनी टेपकडे बघितलं आणि परत मोजलं.

"उतर."

उतरले. रिकामी गाडी ढकलली तर माप अगदी पुस्तकातलं. हवा तपासली, चारही चाकांत बरोबर.

"बस परत."

परत मोजलं. मी बसले की दोन बोटं कमी भरायला हवं. जुन्या गाडीवर त्यांनी ते वीसदा तरी मोजलं असेल, आणि माझं वजन काही वाढलं नव्हतं. या गाडीवर पाच बोटं कमी भरलं. काकांनी मग मसालेवाल्या अग्रवालांना हाक मारून बसवलं, ते नव्वद किलोंचे. त्यांना तीन बोटं. परत मी, परत पाच. काका खाली वाकलेले होते, त्यांनी मान वर केली, पण माझ्याकडे नाही बघितलं. माझ्या खांद्यावरून मागे, सीटच्या रिकाम्या टोकाकडे बघितलं.

"काय आहे काका?"

काकांनी पान्हा घेतला. पुढच्या चक्राचं झाकण काढलं, ग्रीसमध्ये बोट फिरवून दात मोजले. पंधरा निघाले. मग चक्र फडक्याने पुसलं, आणि त्यावर तीन ठिपके होते.

"ही परत करून टाक, मंजू."

"का म्हणून? आत्ता तर आणली!"

"बस, परत कर. कारण नको विचारू."

आता बोला! मला कोणी कारण नको विचारू म्हटलं की माझं डोकं फिरतं, हे काकांना चांगलं ठाऊक होतं. मी नाही म्हटलं. शेवटी त्यांनी पंधराचं चक्र काढून तेराचं बसवलं आणि पंधराचं एका डब्यात घालून माझ्या हातात दिलं. द्यायला नको होतं. पण दुसऱ्याच्या गाडीचं सामान स्वतःकडे ठेवून घेणं त्यांच्या हिशोबात बसतच नव्हतं.

महिनाभर मी तेरावर चालवली. गाडी उठायची झकास, पण नव्वदनंतर नुसती ओरडायची. आणि एक चमत्कारिक गोष्ट व्हायची. वळताना गाडी मला पाहिजे त्याच्या आधीच कलायची. मागे कोणी बसलं असेल आणि त्याला रस्ता आपल्यापेक्षा जास्त माहीत असेल तर गाडी जशी कलते, तशी. मी स्वतःलाच शिव्या घातल्या, म्हटलं, दात उपटणाऱ्या बाईने भुताखेतांचं काय घेऊन बसायचं! आणि मे महिन्यातल्या एका रविवारी मी स्वतःच्या हाताने पंधराचं चक्र परत चढवलं.

आमचं मैदान गावाबाहेर, तिघऱ्याच्या पुढे. एका ओळखीच्यांचा पडीक माळ, दीड किलोमीटर सरळ, शेवटी खोल नाला. मोबाइल हँडलला बांधला, वेग तोच दाखवतो. ऊन एवढं की माळाचं दुसरं टोक पाण्यासारखं हलत होतं. पहिल्या फेरीला एकशे अकरा. दुसऱ्या फेरीला मी टाकीवर पार आडवी झाले, वारा लागू नये म्हणून. तरी एकशे अकरा. एक आकडा वर नाही, एक खाली नाही. मी छप्पन किलोंची बाई, माझ्या वजनाला ही गाडी याहून जास्त पळायला हवी, एवढं गणित काकांनी मला शिकवलं होतं.

तिसऱ्या फेरीला एकशे अकरा दिसलं, आणि माझ्या मनात स्पष्ट आलं, 'अजून सात.' सात का? मला कुठलाच आकडा कोणी सांगितला नव्हता. पण सातच आलं, आणि ते माझ्या विचारासारखं नव्हतं, कोणीतरी कानामागून बोलावं तसं होतं. पाठीला गार लागत होतं, त्या उन्हात. नाला दिसला. रेसचा खटका अंगठ्याने दाबायचा असतो. अंगठा उचलायचा, बस एवढंच काम, आणि तो उचलला जाईना. अजून सात. अजून सात.

समोर, नाल्याच्या अलीकडे, निळूकाका उभे होते. स्कूटर आडवी टाकलेली, दोन्ही हात वर. ते ओरडत होते, पण "मंजू" नाही. "पराग! पराग, बस कर!"

कोण पराग? त्या परक्या नावाने मी दचकले आणि अंगठा सुटला. गाडी फरफटत, तिरपी होत थांबली, काकांपासून चार हातांवर.

मग तिथेच, उन्हात बसून, काकांनी सांगितलं. मी गाडी परत केली नाही तेव्हापासून दर रविवारी ते लांबून माझ्या फेऱ्या बघायला येत होते, आणि आज आवाजावरूनच त्यांनी पंधराचं चक्र ओळखलं होतं. मी इंदूरला शिकायला होते तेव्हाची गोष्ट. पराग राहायचा पाटणकर बाजाराच्या मागे, बँकेत नोकरीला, चोवीस वर्षांचा. ही गाडी त्याची. दसऱ्याला याच माळावर पोरांच्या फेऱ्या होत्या, आणि तो आदल्या दिवशी पंधराचं चक्र बसवायला आला. आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. काकांच्या दुकानात त्या दिवशी लेथला झेंडूची माळ, टेप, खडू, कॅलिपर सगळं पाटावर पूजेला. हत्याराला हात लावायचा नाही, बापाने लावला नाही, आजाने लावला नाही. कापून ठेवलेलं चक्र काकांनी त्याला उचलून दिलं, ते त्याने घरी जाऊन बसवलं. पण जाताना विचारलं, "काका, किती पळेल?"

"टेप पूजेत होती, मंजू. त्याला बसवून मोजणं नाही झालं. मी बोटाने धुळीत गणित केलं, पुस्तकातल्या चाकावर. बोललो, एकशे अठरा. सणाचा दिवस, पोरगा खूश होऊन गेला." काकांनी गमछा तोंडाला लावला. "एकशे अकराच्या वर ती जाणारच नव्हती. त्याने सहा फेऱ्या मारल्या. दर वेळी एकशे अकरा. निळूकाका बोलले म्हणजे एकशे अठरा येणारच, असं सगळ्यांना सांगत होता. सातव्या फेरीला नाल्याच्या आधी थांबला नाही."

"आणि तुम्ही हे कुणाला..."

"नाही सांगितलं. लोक बोलले, पोराने जाणून केलं. समोर नाला दिसत असताना कोण थांबत नाही? कोणी बोललं लग्न मोडलं होतं, कोणी काय. त्याच्या आईनेही तेच धरलं. दर दसऱ्याला ती माझ्या दुकानासमोरून सोनं द्यायला जाते, मला पण देते. माझ्या हातात आपट्याची पानं ठेवते. आणि मी गप."

मला राग आला. खरंच आला, खोटं कशाला बोलू? जीव वाचवणाऱ्या माणसावर मी त्या माळावर ओरडले. एक बाई इतकी वर्षं समजतेय की पोटच्या पोराला जगायचं नव्हतं, आणि तुम्ही साखळीच्या कड्या मोजत बसलात? काकांनी स्कूटर उभी केली. म्हणाले, "चल. आत्ताच चल. उद्या माझी हिंमत नाही होणार."

तशाच धुळीने भरलेल्या कपड्यांत आम्ही पाटणकर बाजारामागच्या त्या घरी गेलो, चारच्या सुमाराला. परागची आई, सुलभावहिनी, एकट्याच होत्या. बारीक, चष्मा लावलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. माझी ओळख काकांनी करून दिली ती एवढीच, "ही डॉक्टरीण आहे." गाडीचं नाव नाही, खडूच्या रेघांचं नाही, माळावर आज काय झालं त्याचंही नाही. पाणीसुद्धा न घेता काकांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खंडेनवमी, पाटावरची टेप, धुळीतलं गणित, एकशे अठरा.

मी मनाशी तयारी केली होती की वहिनी शिव्या देतील, निदान रडतील. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हणजे भाऊजी, तो परत येणार होता?"

"हो वहिनी. आकडा आला की घरीच येणार होता."

"स्वैपाक झाला का, असं विचारून गेला होता," वहिनी म्हणाल्या. "मी सगळ्यांना सांगत होते. पण मग मलाच खरं वाटेनासं झालं." त्यांनी चष्मा परत लावला. "किती होता खरा आकडा?"

"एकशे अकरा."

त्या उठल्या. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. आत एक पलंग, खिडकी, एवढंच. कोणी नव्हतं, मी बसल्या जागेवरून नीट बघितलं होतं. वहिनी उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या आणि झोपलेल्या पोराला हाक मारतात तशा आवाजात म्हणाल्या, "ऐकलंस का रे? एकशे अकराच होते. काकांचं चुकलं होतं, तुझं नाही. उतर आता त्या पोरीच्या गाडीवरून."

मी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली, 'मी नाही सांगितलं' अशी. मीही हलवली. मग सत्तरीचा तो माणूस त्या बाईच्या पायांशी, फरशीवर बसला आणि मोठमोठ्याने रडला. वहिनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.