दिगू खोतची मांडामांड

सोमवार आहे, वाचनालयाची साप्ताहिक सुट्टी. दुपारचे अडीच वाजलेत. दाराला आतून कडी घालून मी मासिकांच्या टेबलाशेजारच्या बाकावर आडवा झालोय. ग्रंथपालाच्या टेबलावरच्या, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरमधून पेन ड्राइव्हवर पडद्याची माझी नवी मांडणी उतरतेय. अठ्ठावीस टक्के झालंय. ती उतरली, की समोर ओळीनं मांडलेल्या पाचही कॉम्प्युटरवर चढवायची आणि दिगंबर खोतची जुनी मांडणी पुसून टाकायची. तिची प्रतसुद्धा ठेवायची नाही, हे मी सकाळी आंघोळ करतानाच ठरवलंय.

दिगूला जाऊन पाच महिने झाले. मेला तरी भाव खातोय.

हे पाच कॉम्प्युटर आमच्या गावातल्या एका ऑफिसनं मोडीत काढून वाचनालयाला दिले होते. चालू करून बाहेर चहा पिऊन आलं तरी पडद्यावर चक्रच फिरत असायचं. मी शोधाशोध केली. लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालणारं एक हलकं डेस्कटॉप सापडलं, एक्सएफसीई नावाचं, जुन्या यंत्रालाही झेपणारं. पेन ड्राइव्ह माझा, सुट्टीचे तीन सोमवार माझे, बायकोच्या शिव्या मला. पाचही यंत्रं पळायला लागली आणि मग दिगू आला. विजेच्या मीटर दुरुस्तीतून निवृत्त झालेला माणूस, रोज पेपर वाचायला यायचा. त्यानं फक्त मांडामांड केली. कुणाची अक्षरं मोठी केली, कुणाची खालची पट्टी वर नेली, कुणाच्या पडद्यावर तीनच चित्रं ठेवली आणि बाकी सगळं आत ढकललं. झालं! तेव्हापासून आख्खं गाव म्हणतं, दिगूचे कॉम्प्युटर. येत्या गुरुवारी या खोलीला त्याच्या नावाची पाटी लागणार आहे. ती मी पाहिली. माझं नाव बारीक अक्षरातही नाही.

त्याची एक पद्धत होती. माणसाला पडद्यासमोर बसवायचं आणि आपण मागे स्टुलावर वही घेऊन बसायचं. दोन-दोन दिवस. माऊसला हात लावायचा नाही, काही शिकवायचं नाही. माणूस आधी कुठं बघतो, कुठं अडतो, कुठं चुकून दाबतो, तेवढं पेन्सिलीनं टिपायचं. तिसऱ्या दिवशी मांडायला घ्यायचं. मला त्यात काही विशेष वाटायचं नाही. अजूनही वाटत नाही, असं मी स्वतःला सांगतो.

गेल्या आठवड्यात मी दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर माझी मांडणी लावून बघितली. इंटरनेटवर लोक आपापल्या डेस्कटॉपचे फोटो टाकतात, त्यातला एक देखणा बघून हुबेहूब केली होती. मागे बर्फाचा डोंगर, कोपऱ्यात गोल घड्याळ, आणि खालची पट्टी माऊस कडेला नेल्याशिवाय दिसायचीच नाही, आपोआप लपायची. त्या जागेवर रोज यमुनाबाई खवरे बसतात. वय चौऱ्याहत्तर, शिक्षिका होत्या, शाळेच्या आठवणी टाइप करतात. बाई पाऊण तास मांडीवर हात ठेवून डोंगराकडे बघत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "अहो हत्तरकी, लाईट गेलीय का हो?" मी पट्टी काढून दाखवली. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "दिगू असता तर..."

मी त्यांना जुनी मांडणी परत लावून दिली आणि घरी येऊन जेवलो नाही.

एकतीस टक्के. पंखा खडखडतोय. डोळे जड होतात. फरशीवर स्टूल सरकवल्याचा आवाज येतो.

"झोपलास व्हय रं म्हादू?"

दिगू बसलाय. ऑक्टोबरच्या उन्हात बिनबाह्यांचा स्वेटर, मांडीवर वही.

"झोपलो नाही. पडलोय."

"पड की. मी कुठं उठ म्हणालोय?"

मला राग येतो तो त्याच्या तब्येतीचा. मेलेला माणूस जरा उतरलेला दिसावा. हा गुटगुटीत झालाय.

मी बाकावरून पाय खाली सोडतो, तर पायाखाली आठवडी बाजाराची धूळ. बाकाची बाजारातली सिमेंटची पायरी झालीय. दिगू माझ्या शेजारी बसून बोटानं बाजार सरकवतोय. मिरचीवालीवर बोट ठेवतो आणि तिला पोत्या-तराजूसकट लिंबाच्या सावलीत नेऊन सोडतो. "हिला उन्हाचा तरास हुतोय," म्हणतो. मग तहसील कचेरी दोन बोटांत धरून काडेपेटीएवढी करतो आणि पार कोपऱ्यात ठेवतो.

"हे काय करायलास?"

"ही रोज लागत न्हाई."

गिऱ्हाइकं, विक्रेते, सगळे त्याला हात करतात. दिगूअण्णा, बरं केलंसा. दिगूअण्णा, आमची भांड्याची गाडी जरा पुढं घ्या. मला कुणी विचारत नाही. स्वप्न माझं आहे, निदान इथं तरी मला कुणी ओळखावं! माझी बायको हातात पिशवी घेऊन येते, त्याच्याशी दोन मिनिटं हसून बोलते आणि मला ओलांडून जाते.

माझा तोल जातो. "ते मी आणलं होतं. पेन ड्राइव्ह माझा होता."

"व्हय, तुझाच."

"तीन सोमवार मी घातले."

"घातलास की. मी बघिटलंय."

"मग पाटीवर नाव तुझं का?"

"मी मेलो म्हणून," दिगू म्हणतो. "तू बी मर, तुझं बी लावतील."

मला हसू येतं. ते मी दाबतो. त्याच्यावर हसायचं नाही, एवढी वर्षं पाळलेलं व्रत आहे. हसू दाबून वर बघतो तर बाजाराची छपरं पांढरी आहेत, चुन्यानं रंगवलेली, आणि खाली लोखंडी खाटांची रांग. पाच खाटा आहेत. प्रत्येकीच्या पायथ्याशी नंबर लावलाय. तिसऱ्या खाटेवर दिगू उताणा पडलाय, नाकात नळी. मी दाराच्या बाहेर उभा. आत पाऊल टाकावं तर चप्पल फरशीला चिकटलीय.

इथे मी कधीच आलो नव्हतो. मी तेव्हा रुसलो होतो. पेपरात आमच्या वाचनालयाची बातमी आली होती, फोटोसकट. फोटो दोघांचा काढला होता. छापताना माझा कोपर तेवढा आला. त्या कोपरापायी मी तीन आठवडे दिगूशी बोललो नाही. तो पेपर वाचायला यायचा तेव्हा मी मुद्दाम कपाटं झाडत बसायचो. त्याला दवाखान्यात नेलं हे मला कळलं होतं. चौथ्या दिवशी जाऊ म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला.

"तू आला न्हाईस," खाटेवरून आवाज येतो. रागावलेला नाही. वहीत टिपल्यासारखा.

"रुसलो होतो."

"म्हाईत हुतं मला."

"माहीत होतं तर निरोप का नाही धाडलास?"

"रुसलेला माणूस निरोपानं जास्तच फुगतोय." तो नळी बाजूला करतो आणि कुशीवर वळतो. "कोपराचं म्हणशील तर मी जाऊन भांडून आलो हुतो त्येंच्याशी. दुसरा फोटो छापा म्हणालो. छापतो म्हणाले."

हे खरं आहे की स्वप्नातलं, मला कळत नाही. आणि माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडतं. इतके महिने जे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते.

"यमुनाबाईंच्या मागं बसलास. त्या पेन्शनीच्या अर्जवाल्याच्या मागं बसलास. ती कोण बी.एड.ची पोरगी, तिच्या मागं तीन दिवस बसलास. माझ्यामागं एकदा तरी बसलास का?"

दिगू खाटेवर उठून बसतो.

"मला नको होती पाटी," मी म्हणतो. ते खोटं आहे. "मला हवी होती, पण आधी हे हवं होतं."

"बसू दिलंस का तू?" दिगू विचारतो. "दोनदा आलो स्टूल घिऊन. तू सारखं मागं वळून बघायचास, चोर आल्यागत."

मग मी माझ्या टेबलाशी बसलेलो असतो आणि तो मागे असतो. खाटा नाहीत, बाजार नाही, समोर माझा पडदा. मानेवर त्याचा श्वास लागतो, लवंगेचा वास असलेला. मी वळून बघत नाही. फार जड जातं, पण बघत नाही. मी कामाला लागतो. पुस्तकांची यादी उघडतो, सभासदाचं नाव शोधतो, तारीख घालतो. पेन्सिल कुरकुरते. थांबते. पुन्हा कुरकुरते. इतकं लक्ष माझ्याकडे आजवर कुणी दिलेलं नाही.

"काय टिपलंस?" मी शेवटी विचारतो.

"एक म्हंजे, तू तुझ्या पडद्याकडं बघतच न्हाईस. नजर सारखी दुसऱ्याच्या पडद्याकडं. तुला मांडून काय देऊ, कपाळ?"

"आणि दुसरं?"

"दुसरं, तू डावखुरा हाईस."

मी थिजतो. हे गावात कुणाला माहीत नाही. लहानपणी पाटीवर डाव्या हातानं अक्षर काढलं की आई चिमटा काढायची. दुसरीत गेलो तोवर उजव्या हाताचा झालो होतो, जेवणाखाण्यात, सहीत, सगळ्यात.

"पिशवी डाव्या हातानं उचलतोस," दिगू म्हणतो. "कुलूप डाव्यानं काढतोस. आणि माऊस धरताना दर वक्ताला डावा हात आधी हलतोय. मग त्याला मांडीखाली घालून बसतोस. पंचावन्न वर्षांचा बापय, स्वतःच्या हातावर बसतोस!"

मी खाली बघतो. खरंच, डावा हात मांडीखाली आहे. मुंग्या आल्यात.

"काढ त्याला भाईर," दिगू म्हणतो.

मुंग्यांनीच जाग येते. मी बाकावर आहे, डाव्या कुशीवर, हात अंगाखाली सापडून बधिर झालाय. सव्वातीन वाजलेत. स्टूल भिंतीला लागून आहे, जिथे असतं तिथेच. मी हात झटकत माझ्या टेबलाशी जातो. मांडणी पूर्ण उतरलीय, तसं पडद्यावर लिहून आलंय.

माऊस कीबोर्डच्या डाव्या बाजूला आहे.

त्याची वायर पडद्याच्या मागून वळसा घालून आणलीय आणि वळशाला मीटरवाले बांधतात तसा काळ्या चिकटपट्टीचा एक वेढा दिलाय. मी उभ्यानंच डावा हात माऊसवर ठेवतो. तो हाताच्या मापाचा असल्यासारखा बसतो. तर्जनी पडते ते उजवं बटण दाबून बघतो. एरवी त्या बटणानं पर्यायांची यादी उघडते. आता सरळ फाइल उघडते. बटणंही उलटी करून ठेवलीत, सेटिंगमध्ये जाऊन, माणूस नीट बसून करतो तशी.

मी पेन ड्राइव्ह उघडतो. डोंगर, गोल घड्याळ, लपणारी पट्टी, सगळं तिथे आहे. निवडतो आणि पुसायला सांगतो, माझ्या कॉम्प्युटरवरची मूळ प्रतसुद्धा. कॉम्प्युटर विचारतो, कायमचं पुसायचं का? डाव्या हातानं मी हो म्हणतो. एवढ्या झटकन मी आयुष्यात कधी क्लिक केलं नव्हतं.

मग खुर्चीत बसतो आणि थोडा वेळ रडतो. रडता रडता एकीकडे पुन्हा चीडही येते, कारण माझ्या हाताची गोष्ट तरी माझी होती. आता ही मी कुणाला सांगितली, तरी सगळे एकच म्हणतील, बघा, हेसुद्धा दिगूनंच केलं. आणि मला मान डोलवावी लागेल.