बेकरीच्या व्हॅनचा पांढरा दिवा

मोटारींचे दिवे दुरुस्त करण्यात त्याची निम्मी हयात गेली. दुकानात एका फळीवर त्याने तीन बल्ब शेजारी शेजारी लावले होते: पिवळसर हॅलोजन, निळसर झेनॉन आणि पांढराशुभ्र एलईडी. गिऱ्हाईक आलं की तिन्हींचा उजेड भिंतीवर पाडून दाखवायचा. भिंतीवर एलईडी भाव खाणारच, त्यात नवल कसलं! पण हॅलोजनसाठी घडवलेल्या दिव्याच्या चकचकीत वाटीत तो बसवला की उजेड रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सांगत मात्र नसे. लोकांना लख्ख हवंय, आपण कशाला शहाणपण शिकवायचं?

बुधवारी दुपारी बेकरीच्या व्हॅनला त्याने एकच एलईडी बसवला. दुसरा शिल्लक नव्हता. "परवा या, जोडी पुरी करू," म्हणाला.

गुरुवारी थोरल्या बहिणीचा हात मोडल्याचं कळलं, तसा तो तिच्या घरी धावला. ताई कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. तोंडाचा पट्टा मात्र शाबूत.

"काल तिन्हीसांजेला स्कूटरवरून येत होते. समोरून बेकरीची व्हॅन. एक डोळा पिवळा, दुसरा पांढराफेक! दिसायचंच बंद झालं रे. गेले सरळ गटारात. तू दिव्यांतला ना? ज्या मेल्याने तो बसवला, त्याला शोध आणि चांगला फैलावर घे."

"हो," तो म्हणाला. एवढंच. आणि वर तिला संत्रं सोलून देत बसला, भित्रा कुठला! दुकानाचं कुलूप पहिल्या दिवशी त्याने हिच्याच हातून उघडवलं होतं.

दारापर्यंत जाऊन तो परत फिरला.

"ताई, तो दिवा मीच बसवला."

"चुकून ना?"

खोटं बोलायला इथे ऐसपैस जागा होती.

"नाही. माहीत असून."

ताईने हातातली संत्र्याची फोड खाली ठेवली. "आजवर असे किती बसवलेस?"

"मोजले नाहीत," तो म्हणाला.

"घरी जा," ती म्हणाली. "आत्ता मला तुझं तोंड बघवत नाही."

तेव्हापासून तो एकेका गाडीवाल्याला फोन करतोय.

"काय, नवा बल्ब आलाय?"

"नाही, जुना हॅलोजनच परत लावून देतो. चूक माझी आहे."

लोक हसतात. निम्मे येतच नाहीत. बेकरीवाला पहिल्याच दिवशी आला. ताईकडे जायला मात्र अजून त्याचे पाय उचलत नाहीत.