रायफलची सुटी डबी

सोमवारी सकाळी ह्यांचं शिकारीचं जाकीट धुवायला काढलं तर ते एका बाजूला जड लागलं. आदल्या दिवशी डुक्कर पडलं होतं. बाहीला रक्त होतं, पाठीला चिखल. भिजलंय म्हणून जड असेल असं आधी वाटलं. मग आतल्या खिशावर हात गेला आणि कापडावरूनच कळलं. साबणाच्या वडीएवढी वस्तू, पण कडा धारेच्या. चेन जरा उघडून बघितली आणि हात मागे घेतला. रायफलची डबी होती. वरच्या फटीत पितळेची गोळी चमकत होती. वर एक दिसते तेव्हा खाली अजून असतात.

हे कारखान्यात गेले होते, लेक शाळेत. आणि दुपारी दोन वाजता आमच्याकडे पोलीस यायचे होते. मलाच भेटायला.

इथे बंदुकीचा परवाना काही वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो आणि त्या वेळी पोलीस बायकोलाही विचारतात. एकटीला बसवून. नवरा पितो का, आवाज चढवतो का, बंदूक कुलपात ठेवतो का. शेवटी विचारतात, तुम्हाला कशाची काळजी वाटते का? बायको ‘वाटते’ म्हणाली तर परवाना अडतो. पहिल्या वेळी हे ऐकलं तेव्हा मला थट्टाच वाटली. आमच्या गावाकडे बायकोला विचारून कोणी सायकलसुद्धा घेत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. कोणी काही विचारलं की माझा घसा आधी कोरडा पडतो, मराठीत विचारलं तरी. आणि इथे माझ्या एका शब्दावर ह्यांची बंदूक.

मी प्रत्येक वेळी ‘दाइजोबु देस’ म्हणत आले. काही काळजी नाही. आत्तापर्यंत ते खरंही होतं.

आम्ही जपानात, सेंदाईपासून गाडीने तासभर आत राहतो, डोंगराच्या पायथ्याला. हे शेतीच्या यंत्रांच्या कारखान्यात फिटर आहेत, मी लोणची घालणाऱ्या एका दुकानात अर्धा दिवस आरुबाइतो, म्हणजे तासावारी काम, करते. शेजारचे आजोबा इथल्या शिकारी मंडळाचे म्होरके. एका वर्षी रानडुकरांनी त्यांची रताळी आणि आमच्या परसातलं अळू एकाच रात्रीत उकरून टाकलं, तेव्हा ते ह्यांना म्हणाले, “आमच्या मंडळात सगळे सत्तरीच्या पुढचे. डोंगर चढायला एक पोरगा पाहिजे.” तो पोरगा म्हणजे आमचे हे, तेव्हा चाळिशीला आलेले. छऱ्यांची बंदूक मिळाली. ती दहा वर्षं नीट सांभाळली तर रायफल मागता येते, असा नियम. ह्यांनी दहा वर्षं सांभाळली. एकदा चुकून नियम मोडला जाईल म्हणून मंडळाच्या जेवणात साके घेणंसुद्धा सोडलं. गेल्या वर्षी रायफल आली तेव्हा हे अंघोळ करून तिच्यापुढे उदबत्ती लावून बसले होते.

भांडण झालं ते डबीवरून. आजोबांच्या जुन्या रायफलीत गोळ्या वरून एकेक करून पोटात भराव्या लागतात, ते पोट बंदुकीचाच भाग. ह्यांनी घेतली ती सुट्या डबीची. खालून डबी खटकन बसते, खटका दाबला की हातात येते. तिला मॅगझिन म्हणतात. मी डबीच म्हणते.

आजोबा आमच्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत होते. त्यांनी डबी हातात घेतली, वजन बघितलं आणि ठेवून दिली.

“ही छत्रीची बहीण,” ते म्हणाले. “ट्रेनमध्ये विसरायची वस्तू.”

हे हसले. “आजोबा, गेल्या हिवाळ्यात तुमची बंदूक रिकामी करताना आम्ही सगळे गाडीत बसून थिजलो. बोल्ट मागे, गोळी बाहेर, बोल्ट मागे, गोळी बाहेर. त्यातली एक बर्फात पडली. ती कोणी शोधली?”

“तू.”

“गुडघ्यावर बसून शोधली. माझी डबी खट, काढली, खिशात. बंदुकीला खाली भोक दिसतं. लांबूनही कळतं की भरलेली नाही.”

“आणि नळीत राहिलेली एक?”

ह्यांनी डबी परत हातात घेतली. मग म्हणाले, “ती बोल्ट ओढून बघायचीच.”

“बघायची. पण डबी काढली की माणसाला वाटतं, झालं. माझी बंदूक रिकामी करायला वेळ लागतो म्हणून मी प्रत्येक गोळी डोळ्यांनी बघतो. तुझी झटपट होते म्हणून तू बघणार नाहीस.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ओकुसान, ह्याच्या चष्म्याला दोरी बांधलीत तशी हिलाही बांधा.”

मी मान खाली घालून हसले. चष्म्याची दोरी खरंच मीच बांधली होती.

दोघांचंही खरं होतं, हे मला पुढे महिनाभर ऐकून ऐकून समजलं. थंडीत बोटं चालत नाहीत तेव्हा सुटी डबी फार सोयीची. गाडीत बसताना, कुंपण ओलांडताना, हे तिला काढून ठेवत आणि घरी येऊन सांगत. पण एकदा बांबूच्या झुडपात खटका दाबला गेला आणि डबी गळून पडली. अर्धा तास सगळं मंडळ वाकून शोधत होतं आणि आजोबा म्हणे वर उभे राहून ‘छत्री सापडली का’ विचारत होते. एकदा डबी दगडावर पडून तिचे ओठ, म्हणजे गोळी धरणाऱ्या वरच्या कडा, जरा वाकले, मग गोळी अडकायला लागली. म्हणून ह्यांनी जादाची दुसरी घेतली. एक बंदुकीत, एक खिशात. दुसरी घेतली तेव्हाच मला बरं वाटलं नव्हतं. पण बंदुकीतलं मला काय कळतं, म्हणून बोलले नाही.

ती दुसरी आता माझ्या वॉशिंग मशीनवर होती.

गोळ्यांचं कपाट वेगळं, बंदुकीचं वेगळं, किल्ल्या ह्यांच्याकडे. मला त्यातल्या कशालाही हात लावायची परवानगी नाही, हे पोलिसांनीच मला सांगितलेलं. म्हणजे ही डबी मी उचलली तरी गुन्हा, तिथेच राहू दिली तरी गुन्हा. मी जाकीट हँगरला अडकवून धरलं, अंगापासून लांब, आणि न्हाणीघरात नेऊन टांगलं. दार लावलं. मग वाटलं, दमटपणाने गोळीला काही झालं तर? बाहेर आणलं. कपड्यांच्या कपाटात ठेवलं. मग वाटलं, लेक लवकर आली आणि तिने गाऊन काढायला कपाट उघडलं तर? परत न्हाणीघरात. असं तीनदा झालं. स्वयंपाक तसाच राहिला.

बारा वाजता ह्यांची जेवणाची सुट्टी होते. फोन हातात घेतला. ह्यांना सांगितलं तर पुढची सगळी दुपार तेच डोक्यात राहणार आणि कामात ह्यांचे हात यंत्राच्या प्रेसखाली असतात. फोन ठेवून दिला. आजोबांना सांगावं का? ते चार पावलांवर. पण ते मंडळाचे म्होरके. त्यांना कळलं म्हणजे त्यांना कुणालातरी सांगणं भाग. मी खिडकीतून त्यांचं अंगण बघत राहिले. ते मुळे वाळत घालत होते.

दोनला पाच कमी असताना बेल वाजली. मागच्या वेळचेच पोलीस, आता केस जास्त पिकलेले. चपला काढायच्या जागेत त्यांनी बूट सरळ करून ठेवले. मी चहा ठेवला. त्यांनी कागद काढला आणि हळू, सोपं बोलत एकेक विचारलं. पितात का? नाही. ओरडतात का? नाही. भांडण? कधीतरी, मिठावरून. ते हसले आणि लिहिलं.

“बंदूक आणि गोळ्या नीट कुलपात असतात?”

“हो,” मी म्हणाले. न्हाणीघराचं दार त्यांच्या पाठीमागे सहा पावलांवर होतं.

“तुम्हाला कशाची काळजी वाटते का?”

मला सकाळपासून दुसरं काहीही वाटत नव्हतं. त्यांनी पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं. मला ह्यांची दहा वर्षं दिसली. उदबत्ती दिसली.

“दाइजोबु देस.”

त्यांनी कागदावर ‘ठीक’चा गोल काढला, वाकून आभार मानले आणि गेले. मी दाराशी बसून राहिले.

हे साडेसहाला आले. मी न्हाणीघराचं दार उघडून दाखवलं. ह्यांनी आधी खिशाला हात लावला, मग चेहऱ्याला.

“काल दहा नेल्या होत्या,” हे म्हणाले. “दोन उडाल्या. आठ उरल्या.” धावत जाऊन गोळ्यांचं कपाट उघडलं. आत कालच्या तीनच होत्या. गोळ्यांची वही असते, तिच्यात लिहिलं होतं: आठ परत ठेवल्या. डुक्कर आजोबांच्या शेडमध्ये कापायचं होतं, हात गारठलेले, एक डबी रिकामी केली आणि दुसरी आहे हेच विसरले. वजाबाकी डोक्यात केली आणि वहीत उतरवली. कपाटात बघून मोजल्या नाहीत.

हे खाली बसले. मग एकदम उठले. “पोलीस काय म्हणाले?”

“मी काळजी नाही म्हणून सांगितलं.”

“शाब्बास!” ह्यांनी माझा खांदा धरला. “मग झालं तर. ह्या पाच आत ठेवतो. वही बरोबर होते. कुणाला कळलंय?”

शाब्बास म्हणाले ते मला सहन झालं नाही. लग्नाला वीस वर्षं झाली, ह्यांनी मला असं फार थोड्या वेळा म्हटलं. आणि म्हटलं ते ह्या गोष्टीसाठी.

“मला कळलंय,” मी म्हणाले.

“म्हणजे काय?”

“अहो, तुम्ही वही बरोबर कराल. पण ते मला विचारतात ना? उद्या परत आले तर मी असं नाही सांगणार.”

लेक केव्हा येऊन दारात उभी राहिली होती कळलं नाही. तिने जाकिटाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. “पापा, अबुनाई यो,” ती म्हणाली. धोक्याचं आहे. मग मराठीत, तिच्या तुटक मराठीत: “मी काल ते जाकीट घातलं होतं. कचरा टाकायला जाताना. थंडी होती.”

ह्यांनी जाकीट हँगरवरून काढलं. डबी रिकामी केली, पाच गोळ्या एकेक करून टेबलावर ठेवल्या, प्रत्येकीला बोट लावून मोजल्या, मग कपाटात ठेवून कुलूप लावलं. वहीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी हे आजोबांकडे गेले. मी खिडकीतून बघत होते. आजोबा ओरडतील, छत्रीचं काढतील, असं वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि आत जाऊन टोपी घालून आले. दोघं ठाण्यात गेले.

रायफल आता बंदुकीच्या दुकानात ठेवायला दिली आहे, निर्णय होईपर्यंत. छऱ्यांचीही. ह्यांनी झाल्या चुकीचा कबुलीजबाब लिहून दिला. इथे तसं लिहून द्यावं लागतं, काय झालं, का झालं, पुढे काय करणार. पोलिसांनी मग मलाही लिहायला सांगितलं, कारण त्यांनी विचारलं तेव्हा मी काळजी नाही म्हणाले होते. त्यांनी हे रागावून सांगितलं नाही. जपानी सोप्या अक्षरांत चालेल म्हणाले.

मी तीन कागद फाडले. लेक म्हणाली, आई, मी लिहिते, तू सही कर. मी नको म्हटलं. चौथ्या कागदावर लिहिलं: जाकिटात गोळ्या होत्या. मला माहीत होतं. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मला भीती वाटत होती. लेकीने दोन अक्षरं सुधारली आणि ‘भीती कशाची ते लिही’ म्हणाली. नवऱ्याची भीती आहे असं त्यांना वाटेल म्हणून. ते बरोबर होतं. मी पुढे लिहिलं: त्यांची नाही. त्यांचं जाईल याची.

त्याला आता सात आठवडे झाले. उत्तर आलेलं नाही. रविवारी मंडळ डोंगरात जातं तेव्हा हे परसात उगाच काहीतरी खणत बसतात. आजोबा येऊन चहा पितात. मागच्या वेळी म्हणाले, “परवाना राहिला तर डबीवाली विक आणि माझी घे. मी आता किती चढणार?”

“तुमचीतल्या गोळ्या काढायला वेळ लागतो,” हे म्हणाले.

“म्हणूनच.”

हे हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

काल जेवताना ह्यांनी मला विचारलं, परवाना राहिला आणि पोलीस पुन्हा आले, तर तू काय सांगशील? भाकरी वाढता वाढता मी थांबले. घसा कोरडा पडलाच.

“जे असेल ते,” मी म्हणाले.

ह्यांनी मान हलवली आणि मीठ मागून घेतलं.