निलगिरी नव्हे, हिमगिरी: तासगावची एक फेरी

चूक माझी होती, म्हणून निघालो. तासगावजवळच्या एका गावात आमच्या जहाजावरचा दत्ता वारला. समाधीच्या दगडासाठी त्याच्या भावानं फोनवर जहाजाचं नाव विचारलं आणि मी सवयीनं ‘निलगिरी क्लास’ म्हणालो. दगडावर तेच उमटलं: आयएनएस निलगिरी. आम्ही दोघं होतो हिमगिरीवर.

नौदलात एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांना मिळून पहिल्या जहाजाचं नाव देतात. पहिली निलगिरी, म्हणून मागून आलेली हिमगिरीही निलगिरी क्लासची. आम्हाला हे तोंडपाठ. गावात कुणाला सांगणार?

सकाळी स्वारगेटहून साताऱ्यामार्गे सांगलीची एसटी धरली. कराडच्या आसपास रस्त्याची कामं चालू आहेत, तास-दीड तास जास्तीचा धरा. साताऱ्याच्या स्टँडवर चहा बरा मिळतो म्हणे; मी उतरलोच नाही. सांगलीहून तासगावला गाड्या भरपूर. छाटणी झालेल्या द्राक्षबागा उघड्याबोडक्या होत्या, बेदाण्याची शेडं रिकामी.

दत्ताच्या पत्नी सुनीतावहिनी दगडापाशीच उभ्या होत्या.

“वहिनी, निलगिरी म्हणजे त्याच जातीचं जहाज...” मी सुरुवात केली.

“जातीचं आसंल. त्येंचं न्हवं. आवं भावजी, बारा वर्सं पाकिटावर मी हिमगिरी लिवलंय.”

पाथरवट म्हणाला, “दोनच अक्षरं हायती. पण तासून खाली घ्यावं लागंल. खळगा दिसणार.”

“दिसू दे,” वहिनी म्हणाल्या.

त्यानं ‘निल’ तासून काढलं, ‘गिरी’ तसंच ठेवलं. मी दगडावर पाणी ओतत बसलो. दुपार कलल्यावर त्या खळग्यात ‘हिम’ उमटलं. वहिनींनी पदरानं भुकटी पुसली आणि बराच वेळ हात तिथंच ठेवला.

चहा घेताना म्हणाल्या, “त्येंनी लय वाट बघितली तुमची. बेदाणा निघाला की पयली पिशवी तुमच्या नावाची. ‘कवा येतोस गड्या’ म्हणून फोन करायचं न्हवं का?”

“करायचा. मीच... कामात...”

“व्हय.” त्यांनी कप उचलले. “तीन वर्सं ठिवली ती पिशवी. मग काळी पडली.”

तासगावला गेलात तर बेदाणा जरूर घ्या, तसा दुसरीकडे मिळत नाही. मी रिकाम्या हातानं परतलो. बायकोनं विचारलं, “झालं का नाव नीट?” झालं म्हणालो. निवृत्तीला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत दत्ताच्या गावी मी पहिल्यांदा गेलो, तो त्याच्या दगडापाशी.