दगडूची मूठ

आमचे कुलदैवत कानबाई. परंतु तिचा रोट आमच्या घरी कधी झाला नाही. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, भाऊबंद मूळ घरी जमतात, कानबाई बसवितात आणि कुळातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू दळून रोट करतात. तो भाऊबंदांबाहेर कोणाला देत नाहीत. आमचे भाऊबंद कोण, हेच आम्हाला ठाऊक नव्हते. पणजोबा दगडू पांझरा नदीकाठचे गाव सोडून जळगावला आले आणि पुन्हा तिकडे फिरकले नाहीत, इतकेच वडिलांकडून कळले होते. गेल्या वर्षी आईला दवाखान्यातून जळगावातल्या, मेहरूण भागातील घरी आणले, तेव्हा ती म्हणाली, "या घरात जन्म गेला माझा, पण कुळाचा रोट तोंडी लागला नाही. एकदा मिळाला तर बरं."

मी शोधाला लागलो, पण श्रद्धेने नव्हे. ज्यांनी देवीला इतकी वर्षे पुजले नाही, त्यांना तिने का ओळखावे, असेच मनात येई. मात्र धुळ्याकडील तहसील कचेरीत जमिनींचे जुने फेरफार चाळू लागलो आणि कुतूहलाने मला धरून ठेवले. कोणाच्या बांधावरचा आंबा कोणाचा, कोणाच्या विहिरीत कोणाची पाळी, अशी गेलेली माणसे त्या पानांतून अजून भांडत होती. वडिलांनी सांगितलेल्या नावाची गावे दोन, बुद्रुक आणि खुर्द. मोठे तेच आपले, असे मी उगाच धरून चाललो होतो. बुद्रुकची दप्तरे संपत आली, दगडू सापडेना. आता घरी जावे, असे ठरवून शेवटचे दप्तर मागितले. शिपायाने चुकून खुर्दचे आणून ठेवले. परत करण्याआधी सहज उघडले. त्यात नोंद होती: दगडू परागंदा, ठावठिकाणा नाही, सबब नाव कमी करून भावाचे नाव कायम.

मी पानावरून हात उचलला नाही, तेव्हा कारकून हसून म्हणाले, "काका, हिस्सा मागायला फार उशीर केलात."

त्या हसण्याचा अर्थ खुर्दला पोहोचल्यावर कळला. मी मुद्दाम कानबाईच्या रविवारीच गेलो होतो. पणजोबांच्या भावाचे घर सापडले. ओसरीवर घरचे कर्ते नाना बसले होते. मी नोंदीची नक्कल पुढे केली आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"कागद लई उनात, मानूस पहिल्यांदा उना," ते म्हणाले. माणूस पहिल्यांदाच आला, तोही कागद घेऊन, असा त्यांचा रोख होता. "सरळ सांगा, कितला हिस्सा पाहिजे?"

"हिस्सा नको, नाना. आईसाठी रोट हवा."

"मंग नक्कल कसाले काढी?"

कागदावाचून मी त्या दारी कोण होतो? आणि त्या कागदामुळेच मी परका ठरत होतो. आत चौरंगावर नथ ल्यालेली कानबाई दिसत होती. मी उठलो, उंबऱ्यापाशी वाकलो आणि ती नक्कल आत सरकवून ठेवली. मनात म्हटले, आई कानबाई, माझ्याजवळ होते ते हे. आता तुला वाटेल ते कर.

"झेरॉक्स घर व्हईच," नानांचा मुलगा मागून म्हणाला. दोघे-तिघे हसले. त्याचे खोटे नव्हते. झेरॉक्स घरी होती.

मी चपला पायात घालत असताना आतून एक वृद्ध अक्का भिंत धरत आल्या. नानांच्या त्या आई. त्यांनी कागदाकडे पाहिलेही नाही. "तुना पणजानं नाव काय, भाऊ?"

"दगडू."

अक्का खाली बसल्या. मग नानांकडे वळून म्हणाल्या, "आपू दरसाल दगडूनी मूठ टाकतस ना? मनी सासूनी सांगेल व्हतं, दगडूनी मूठ चुकवानी नही. कोन दगडू, ते तिले बी ठाऊक नव्हतं." आणि मला म्हणाल्या, "तुना रोट शिजेल शे. बस."

नानांनी स्वतःच्या शेजारी पाट मांडला.

आईसाठी अक्कांनी रोट स्वच्छ फडक्यात बांधून दिला. घरी आईने त्याचा कणही सांडू दिला नाही. खाऊन झाल्यावर ताटात बोट फिरवून ते कपाळी लावले. त्या रात्री मी घरची झेरॉक्स फाडली, आणि तसे फोनवर नानांना सांगितले. ते नुसते "बरं" म्हणाले.

मी पूर्वजांना शोधत आहे, अशा समजुतीत होतो. दप्तराने ज्याचे नाव कमी केले, त्याच्या नावाने कानबाईच्या घरी गहू दळले जातच होते. मी फक्त उशिरा पोहोचलो. खुर्दचे दप्तर माझ्यापुढे कोणी ठेवले, याचा विचार मी आता करीत नाही. हात जोडतो.

यंदा आषाढातच नानांचा फोन आला. "अक्का इचारी ऱ्हायनी, तुमना घर पुरुष कितला? मुठी टाकानी शेतस."