सोड्याची बाटली आणि माहितीचे अर्ज

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. फुटबॉलच्या सामन्यांत पोलिसांनी केलेल्या अटकांची माहिती मागणारा माझा पहिला अर्ज मी केला, तो त्या कागदांत माझं नाव कुठे आलंय का, एवढंच बघायला. नाव नसेल तर पुढे गप्प बसायचं, हेही ठरवून ठेवलं होतं.

तंजावुरात मला आता बरेच जण ‘आर.टी.आय. सार’ म्हणतात. माहितीच्या अधिकारातले अर्ज लिहून घ्यायला माणसं घरी येतात. ही पदवी मला फुकट मिळाली आहे. पोटासाठी मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे. कालव्याचं कुठलं दार कधी उघडलं आणि कधी मिटलं, ते लिहितो. घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. आमच्या मराठीला पुण्याकडची माणसं हसतात. आम्हाला मात्र ती फार उपयोगी पडते. भाजीवालीच्या समोर तिचा भाव खरा की खोटा ते ठरवायला, डॉक्टरांच्या समोर डॉक्टरांबद्दल बोलायला, आलेल्या पाहुण्याला जेवायला थांबवायचं की नाही ते त्याच्या समोरच विचारायला. लहानपणापासून सवय अशी की मराठीत शिरलं की दार लावून घेतल्यासारखं वाटतं. समोर माणूस बसलेला असला तरी.

बाटलीची गोष्ट त्या पहिल्या अर्जाच्या खूप आधीची.

बरीच वर्षं झाली. पापनाशमच्या अलीकडच्या एका गावात, भात कापून झाल्यावर, रिकाम्या शेतात सात-सात जणांच्या फुटबॉलची स्पर्धा असायची. आमच्या भागातल्या मुलांचा एक संघ होता आणि मी त्याचा चिटणीस होतो. चिटणीसाचं काम म्हणजे बर्फ आणि लिंबं आणायची, आणि हरल्यावर पंचांना दोष द्यायचा. आमचा गोलकीपर शिंप्याचा मुलगा. विशीतला, उंच, कमी बोलणारा. मला अण्णा म्हणायचा, मी त्याला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. त्या महिन्यात पोलीस शिपायांच्या भरतीत त्याची निवड झाली होती. चारित्र्याची चौकशी तेवढी बाकी होती. त्याच्या बापानं गल्लीत खडीसाखर वाटली होती.

अंतिम सामन्यात आमच्या विरुद्ध एक गोल दिला गेला. माझ्या मते तो ऑफसाइड होता. लाइन्समनच्या मते नव्हता. माझ्या हातात पन्नीर सोड्याची, म्हणजे गुलाबपाणी घातलेल्या सोड्याची, बाटली होती, निम्मी प्यालेली. ती मी फेकली. मी आयुष्यात नेम धरून काही फेकलेलं नाही, तेव्हाही धरला नव्हता. ती लाइन्समनच्या डोक्याला लागली. तो खाली बसला. त्याच्या डोक्यातून रक्त येत होतं आणि सोड्यातल्या गुलाबपाण्याचा वास येत होता. मग दोन्हीकडचे लोक मैदानात उतरले, आणि थोड्या वेळानं पोलीस.

सगळे पळाले. मी एका चिंचेपर्यंत पळालो. गोलकीपर पळाला नाही. बाटली गळ्याशी फुटून त्याच्या खांबाजवळ येऊन पडली होती, आणि निम्मी पोरं अनवाणी खेळत होती. कुणाच्या पायात काच जाऊ नये म्हणून त्यानं ती उचलली. पोलिसांना मैदानात एक जखमी लाइन्समन आणि हातात फुटकी बाटली घेतलेला एक माणूस सापडला. याहून सोपा तपास त्यांना क्वचितच मिळाला असेल.

दिवेलागणीला मी मामांना घेऊन ठाण्यात गेलो. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, एका वकिलाचे गुमास्ते. त्यांना कोर्टातलं सगळं कळतं अशी आमच्या घरात समजूत होती, आणि त्यांचीही होती. गोलकीपर बाकावर बसला होता, अजून कीपरच्याच सदऱ्यात. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. तिथे उभं राहून मी मामांना मराठीत सांगितलं, “मामा, बाटली माझ्या हातची आहे.”

मामांनी चेहरा जराही हलवला नाही. त्याच आवाजात, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, “तोंड मीट. तुझी सरकारी नोकरी. सस्पेंड होशील. याला काय, सकाळी सोडतील. पोरगा आहे, पहिलीच वेळ. कागदसुद्धा करणार नाहीत.”

“नक्की?”

“मी सांगतो ना.”

मग ते बाकाकडे वळले आणि तमिळमध्ये म्हणाले, “तंबी, भिऊ नको. आम्ही आहोत.” गोलकीपर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. त्यानं मान हलवली. मी जवळच्या हॉटेलातून त्याला इडल्या आणून दिल्या. चटणी जास्त मागून घेतली. तेवढं माझ्याकडून झालं.

सकाळी सोडलं नाही. कागद झाले. खटला चालला, पुढच्या तारखा पडत राहिल्या, लाइन्समननं कोर्टात सांगितलं की बाटली मागून आली, कुणी फेकली ते दिसलं नाही. शेवटी हा सुटला, पण निकालात संशयाचा फायदा देऊन सोडला असं लिहिलं गेलं. पोलीस भरतीत तसं सुटलेलं चालत नाही. त्याची निवड रद्द झाली. तो बापाच्या मशीनवर बसला. मी त्याला चुकवायला लागलो. गल्ली लहान आहे, त्यामुळे ते सोपं नव्हतं; पण मन लावून केलं की जमतं.

मामा वारले. मला त्यांचं दुःख झालं. तेराव्याला जेवताना मनात असंही आलं की आता हे जाणणारा मी एकटाच उरलो. नंतर दुसरा विचार आला: माणूस गेला, पण कागद? ठाण्यातल्या फायलीत कुणी लिहून ठेवलं असेल तर? म्हणून अर्ज.

नेमकं तेच प्रकरण मागितलं तर मागणारा कोण आणि कशाला, हे कुणीतरी विचारील, या भीतीनं मी साऱ्या जिल्ह्याचं मागितलं. फुटबॉलच्या सामन्यांवरून कुणाकुणाला अटक झाली, कुठल्या कलमाखाली, पुढे काय झालं. अर्जावर कोर्टफीचं तिकीट लावलं आणि वाट बघत बसलो.

उत्तरं येऊ लागली. एका ठाण्यानं कळवलं की फुटबॉल नावाचं कलम अस्तित्वात नाही. दुसऱ्यानं कळवलं की त्यांच्या हद्दीत फुटबॉल जप्त झालेला नाही. तिसऱ्यानं कोंबड्यांच्या झुंजीत धरलेल्यांची यादी पाठवली आणि खाली ‘खेळ’ असं लिहिलं. मी अपिलं केली. कालव्याच्या दारांची नोंद ठेवून ठेवून मला कागदाचा कंटाळा येत नाही. हळूहळू खरी माहिती हाती आली, आणि त्या ढिगात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. धरलेल्यांत कुठे गोलकीपर होता, कुठे लिंबू सरबतवाला, कुठे पाय मुरगळलेला बॅक. एका ठिकाणी तर झाडाखाली झोपलेला कुणाचा तरी काका होता. ज्यांना जागचं हलता आलं नाही, ते सापडले होते. पळालेल्यांची नोंद कुठेच नव्हती.

हे मी एका तरुण मंडळात बोलून दाखवलं. टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. तिथून पुढे मी आर.टी.आय. सार.

शेवटी गोलकीपरला नेलं होतं त्या ठाण्यानं कळवलं की जुन्या फायली शोधून छापून द्यायला माणूस नाही, येऊन बघून जा. मी गेलो. कागदपत्रं सांभाळणाऱ्या बाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि धूळ माझ्या दिशेनं झटकली.

“सार, क्रिकेटचं काही नको? सगळं फुटबॉलचंच?”

“आवड आहे, मॅडम.”

“खेळायचात?”

“नाही. बघायचो.”

“बघणारेच जास्त भांडतात, सार.”

मी हो म्हणालो. वर-खाली चार फायली चाळल्या, मधली ती काढली. माझं नाव नव्हतं. मामांचंही नव्हतं. आम्ही त्या बाकापाशी जे बोललो, ते मराठीत बोललो होतो. ते लिहिणार कोण? मी बाईंचे आभार मानून बाहेर आलो आणि बसस्टँडवर डोसे खाल्ले. भूक चांगली लागली होती. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं.

ठरल्याप्रमाणे आता मी गप्प बसणार होतो. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी गोलकीपर घरी आला.

केस पांढरे झालेत. गळ्यात मापाची टेप तशीच होती, काढायला विसरला असावा. आता तो जर्स्या शिवतो. तिरुवैयारुपर्यंतचे संघ त्याच्याकडून शिवून घेतात. तमिळमध्ये म्हणाला, “अण्णा, तुम्ही पोलिसांचे कागद काढून देता म्हणे.” एका सरकारी शाळेत मुलींचा फुटबॉल संघ झाला आहे. कीपर मुलींना शिकवायला त्याला घ्यायचं त्यांच्या मनात आहे. पण मुलींची शाळा, पोलिसांचा दाखला लागतो, आणि दाखला मागितला की ती बाटली निघते. शाळा फार दिवस थांबणार नाही.

आतून बायकोनं विचारलं, “कोण आलंय हो?”

मी नेहमीसारखा, त्याच्याकडे बघत, मराठीत म्हणालो, “तो जुना कीपर. कॉफी दे, आणि घटकाभरानं मला हाक मार, बाहेर जायचंय म्हणून. लौकर घालवायला पाहिजे त्याला.”

त्यानं टेप गळ्यातून काढली, गुंडाळली आणि खिशात ठेवली. मग म्हणाला, “त्यांना कशाला त्रास, अण्णा? कॉफी पिऊन जातोच मी.”

मराठीत म्हणाला. थोडी जुनी, थोडी जाडी मराठी, पण आमचीच.

पुढे म्हणाला, “आमच्या घरी आई हेच बोलते. मशीनचा दोरा तुटला की शिव्यापण ह्याच्यातच.”

शिंप्यांची घरंही आमच्यासारखीच इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांचे पूर्वज आमच्या पूर्वजांचेच कपडे शिवायला इथे आले, हे मला माहीत होतं. त्यांच्या घरात कुठली भाषा असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं. आमच्या गल्लीत कुणीच विचारलं नव्हतं. मराठी आपल्या चार घरांची, असं धरूनच आम्ही चाललो होतो.

“तेव्हा? ठाण्यात?” मी विचारलं.

“तेव्हाबी कळत होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

त्यानं जरा विचार केला. रागावलेला नव्हता. माप आठवत असल्यासारखा दिसत होता. “मामा म्हणाले ना, सकाळी सोडतील म्हणून. मला तमिळमध्ये सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, अण्णा. मला समजावायला सांगतात, असं वाटलं असतं. ते तुमचे तुम्ही बोलत होतां. म्हणून खरं वाटलं.”

बायको कॉफी घेऊन दारात उभी होती. ती तशीच उभी राहिली.

“नंतर?” मी म्हणालो. “नंतर का नाही?”

“नंतर काय? मी म्हणणार, बाटली अण्णांनी फेकली. तुम्ही म्हणणार, नाही. मला कोण विचारतो?” त्यानं तिच्या हातून कॉफी घेतली, तिला “बसा की, अक्का” म्हणाला, आणि कॉफी पूर्ण प्यायला. उठताना म्हणाला, “अर्ज नको मला. कागद अस्की घरात आहेत, एकूण एक. तुम्ही ठाण्यात येऊन सांगितलंत तर वकील म्हणतो, पुढचं करता येईल. वरच्या कोर्टापर्यंत जाता येईल. बघा.”

तो गेल्यावर बायकोनं विचारलं, “कोठली बाटली?”

मी सांगितलं. तिनं कप धुतला, पालथा घातला. मग म्हणाली, “उद्या जा.”

“उद्या धरणावर तपासणी आहे.”

“कावेरी काही पळून जात नाही.”

दुसऱ्या दिवशी मी तपासणीला गेलो. त्यानंतर मी आणखी एक अर्ज केला. निकाली निघालेल्या प्रकरणात एखाद्या नागरिकानं उशिरा जबाब द्यायचा झाल्यास त्याची पद्धत काय, हे विचारणारा. त्याचं उत्तर यायचं आहे. उत्तराला कायद्यानं मुदत असते, आणि मला मुदत आवडते. पाहुणे आले की बायको आता माझ्याशीही तमिळमध्येच बोलते.

आणि हे सगळं मी देवनागरीत लिहिलं आहे. हिंदीच्या परीक्षांसाठी तरुणपणी शिकलो होतो, तेव्हापासून हात बसला आहे. आमच्या गल्लीत हे वाचू शकणारी माणसं फार थोडी आहेत, गोलकीपर त्यांत नाही, आणि ठाण्यात तर कुणीच नाही. म्हणजे मी अजूनही त्या बाकापाशीच उभा राहून मामांशी बोलतो आहे.

शाळेनं अजून दुसरा माणूस घेतलेला नाही. परवा मैदानावरून येताना बघितलं, तो मुलींना चेंडूखाली कसं पडायचं ते दाखवत होता. फुकटच असावं. त्यानं मला बघितलं आणि हात वर केला.

मी त्याचा एक जबाब देणं लागतो. तमिळमध्ये, त्या ठाण्यात, सही करून: बाटली मी फेकली. तो मी अजून दिलेला नाही.