शेवटचा लाकडी खांब

आदरणीय वसंतराव केळुसकर यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. सिंगापूरला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. आंग मो किओ भागातल्या कंपनीत नोकरी, इथे राहून काम करायचा परवाना, म्हणजे एम्प्लॉयमेंट पास, नवाकोरा. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मखर पाहिलं आणि मी हबकलेच. बाप्पांच्या ऐन समोर खांब. "कोणी केलंय हे?" मी तावातावाने विचारलं.

"मी," मागून शांत आवाज आला. "ग्रीकांची अगदी सुरुवातीची देवळं अशीच असत. छप्पर पेलायला मधोमध खांबांची रांग, देव खांबाआड. जरा बाजूला सरका, दिसतील."

मी सरकले. बाप्पा दिसले, पण त्याच वेळी खांबापलीकडून कोणीतरी आड झाल्यासारखं वाटलं. हात जोडून पुढे झाले. पुण्याची आहे मी, पहिल्याच दिवशी हसं करून घेत नाही.

वसंतराव पेशाने स्ट्रक्चरल इंजिनियर. निवृत्तीनंतर क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये त्यांनी प्राचीन ग्रीक देवळांचा ध्यास घेतला. मखराचा एकेक लाकडी खांब मंडळातल्या एकेका घराने रंगवलेला होता; पुढच्या वर्षी एक मीही रंगवला. इथली दमट हवा आणि वाळवी यांनी खांब पोखरला की वसंतराव त्या जागी प्लॅस्टरचा पांढरा खांब बसवत. "ग्रीकांनीही देऊळ एकदम पाडलं नाही," ते सांगत. "लाकडी खांब कुजला की तेवढाच दगडाचा केला. आणि गंमत बघा, लाकडी तुळयांची टोकं पुढे दगडातही कोरत राहिले. लाकूड गेलं, आकार राहिला."

मी तापाने पडले होते, तेव्हा सत्तरीचे वसंतराव पत्नी सुशीलाताईंनी केलेला मऊ भात घेऊन एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, स्वतः आले. भात संपेपर्यंत त्यांनी मला ग्रीकांची कौलं समजावली. ताप कशाने उतरला, देव जाणे.

पुढे एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात आली. बापटांचा खांब पांढरा झाला आणि वर्षाच्या आत पास नाकारला गेल्याने ते पुण्याला परतले. साठ्यांचा झाला, ते मेलबर्नला गेले. मग गोखलेकाकूंचा झाला, आणि पुढच्या गणपतीआधी काकूच गेल्या. त्या वर्षी दर्शनाला सरकले तर खांबापलीकडे काकूंच्या साडीचा हिरवा काठ हलल्याचा भास झाला. मंडळात आपला खांब ठोकून बघायची सवय सगळ्यांना लागली.

गेल्या वर्षी लाकडी खांब दोनच उरले होते, माझा आणि केळुसकरांचा. मखर एका अंगाला झुकलं होतं. एक बदलणं भाग होतं. माझा खांब ठोकला तर पोकळ वाजला. माझ्या पासच्या नूतनीकरणाचं उत्तर आलेलं नव्हतं, लेकीची शाळा इथे. "वसंतराव, माझा नको," म्हणत मी चक्क हात जोडले.

"अहो, शिकलेल्या ना तुम्ही? वाळवी आहे ती, दुसरं काही नाही." मग म्हणाले, "एका ग्रीक देवळात सगळे खांब दगडाचे झाले तरी एक लाकडी कित्येक शतकं तसाच होता म्हणे. का, ते कोणालाच ठाऊक नाही. कोणीतरी विनवलं असेल."

चतुर्थीला हॉलवर गेले. माझा खांब पट्ट्या बांधून जागेवर उभा होता आणि शेजारी नवा पांढरा खांब. सुशीलाताईंनी मोर रंगवलेला त्यांचा खांब गेला होता. प्लॅस्टरवर तोच मोर कोरलेला.

"तुमचा तर धडधाकट होता," मी म्हणाले.

"तुमचा टिकवायचा तर शेजारचा भक्कम नको?" हे झालं इंजिनियरचं उत्तर. सुशीलाताई नुसत्या म्हणाल्या, "माझं ऐकतात कधी?"

माझा पास पंधरवड्यात आला. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली, अजून वाटते.

वसंतराव, पंचाहत्तरीला उदंड, निरोगी आयुष्य सगळेच चिंततील. मी चिंतून थांबणार नाही, हट्टच धरणार आहे. त्या मोराला अजून वर्ष व्हायचंय. येत्या चतुर्थीला मी दर्शनाला येईन, तेव्हा तुम्ही मला दिसायला हवेत, आणि तेही खांबाच्या अलीकडे.